पहिल्याच हाकेला

१

आमच्या आईला कुठूनही सरळ निघता येत नाही. बसस्टँड असो, मंगल कार्यालय असो की दवाखाना, जिथे बसून दोन घास खाल्ले किंवा घटकाभर टेकलो, तिथून उठलं की ती चार पावलं पुढे जाते, मागे वळते आणि मोकळ्या जागेला हाका मारते. "चाल गा अमर. चाल व समीक्षा. घरी चाला." आम्ही दोघं तिच्या शेजारीच उभे असतो. लहानपणी यवतमाळच्या स्टँडवर हा कार्यक्रम सुरू झाला की मी तिची कुणीच नसल्यासारखी वेळापत्रक वाचत उभी राहायचे.

"बसल्या जाग्यावर मानसाचं थोडंसं राह्यते," ती म्हणायची. "नाव घेऊन बलावलं का येते मांगून."

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. थोडंसं म्हणजे किती ग्रॅम, असं मी तिला एकदा विचारलं होतं. "तुह्या अकलेएवढं," म्हणाली.

बाबांसाठीची हाक मात्र बिननावाची. आई ढाणकीची, जुन्या वळणाची. लग्नात उखाणा घेतला तेवढाच, त्यानंतर नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. रेशनच्या दुकानात कार्ड कुणाच्या नावावर, असं विचारलं की ती मला पुढे ढकलायची. त्यामुळे आम्हा दोघांची नावं घेऊन झाली की बाबांसाठी नुसतंच, "चला हो, घरी चला." त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं, "आलो, आलो." आणि आलो म्हणून झालं की ते दोन ओळखीच्या माणसांशी बोलणार, एक पान लावून घेणार, मग कुठे येणार. आमच्या घरात 'आलो'चा अर्थ अजून उठलेलो नाही असाच होता.

सदाशिवराव म्हणजे माझे बाबा. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका जिनिंगमध्ये जन्मभर कापसाची प्रत ठरवली. कापसाचा पुंजका हातात आला की दोन अंगठ्यांमध्ये धरून हळूच ओढायचा, तंतू उन्हासमोर धरायचा आणि लांबी सांगायची. घरी बसल्यावरही हात काही थांबले नाहीत. फाटक्या उशीतला कापूस सोडला नाही, दवाखान्यात इंजेक्शनच्या जागी लावलेला बोळाही सोडला नाही. दुसरी खोड प्रश्नांची. पाहिलं त्याला 'काहून', म्हणजे 'का', विचारल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे.

दोघांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून पुण्याहून अमरनं क्रूझची तिकिटं काढली. कोचीहून जहाज, लक्षद्वीप करून मुंबई. बाबांनी समुद्र पाहिलेला नव्हता. सोयाबीनची सोंगणी चालू होती म्हणून माझे यजमान मागे राहिले आणि आम्ही चौघं नागपूरहून रेल्वेत बसलो.

जहाजावर लग्नाच्या वाढदिवसाचा केक कापतात, तिथे आईला उखाणा घ्यावा लागेल, असं अमरनं तिला गाडीतच भरवलं. "पाठ आहे का, म्हणून दाखव," म्हणाला.

आईनं पदर तोंडाला लावला. "ढाणकीच्या बाजारात कापसाले आला भाव..." म्हणाली, आणि पुढे खिडकीबाहेर पाहू लागली. कितीही छेडलं तरी दुसरी ओळ आली नाही. बाबा मिशीतल्या मिशीत हसत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय व मास्तरीन, एवढं लोखंडाचं जहाज पान्यावर काहून तरंगते?"

"जहाजापाशी उभं राहून सांगते," मी म्हटलं. "तिथे चांगलं समजेल."

२

कोचीत सकाळी उतरलो. जहाजावर दुपारनंतर चढायचं होतं, तोवर गाव पाहायचं म्हणून स्टेशनबाहेरचा एक ऑटो दिवसभरासाठी ठरवला. चालवणाऱ्याचं नाव मोहिउद्दीन. तोडकंमोडकं हिंदी बोलायचा, पण बाबांचं वऱ्हाडी आणि त्याचं हिंदी यांचं चांगलं जुळलं.

त्यानं आम्हाला आधी किनाऱ्यावर नेलं. तिथे ती मोठाली चिनी जाळी आहेत, लाकडी वाशांवर टांगलेली. दोराला दगड बांधून माणसं ती वरखाली करतात. बाबा तिथेच अडकले. दगड काहून, एवढे काहून, वल्ल्या दोराला हात काहून घसरत नाही. शेवटी त्या माणसांनी त्यांनाच दोर ओढायला लावला. जाळ्यात बोटभर मासे आले. बाबांना पहिलं बक्षीस मिळाल्यासारखा आनंद झाला.

मग ते समुद्रापुढे जाऊन उभे राहिले. बराच वेळ पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "याचं दुसरं टोक कोनाच्या शिवारात आहे व?"

मला हसू आलं आणि भरूनही आलं. ऊन लागत होतं म्हणून अमरनं त्यांना तिथल्या दुकानातून पांढरी कापडी टोपी घेऊन दिली. ती त्यांना जरा मोठी होती. दर थोड्या वेळानं ती मागे सारत ते आईला विचारायचे, "कशी दिसते?" आणि आई म्हणायची, "पाहुण्यायसारखे दिसता."

तिथून मट्टनचेरीच्या गल्ल्या. दोन्ही बाजूंना मसाल्याची जुनी गोदामं, सुंठ आणि मिऱ्यांचा वास नाकात बसलेला. बाबांनी दोन दुकानांत मिऱ्याचा भाव विचारला, घेतला काहीच नाही. मोहिउद्दीन घड्याळ पाहायला लागला. जेवायला हॉटेल शोधायचं तर उशीर होणार होता आणि आईच्या पिशवीत धपाटे, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी होती. कुठेतरी सावलीत बसून खाऊ, असं ठरलं.

३

मोहिउद्दीननं एका बंद गोदामाच्या फाटकाशी ऑटो थांबवला. फाटक मोडलेलं होतं. आत फरशीचं अंगण, एक वडाचं रोप भिंतीतून फुटलेलं, आणि पलीकडे खाडीचं पाणी. पायऱ्या थेट त्या पाण्यात उतरत होत्या. पूर्वी होड्या तिथे लागत असतील. मोहिउद्दीन गेटाबाहेर ऑटोतच बसला, त्याचा डबा त्याच्यापाशी होता.

आम्ही चादर टाकून जेवलो. सावली गार होती. गोदामाचं अंगणाकडचं दार उघडं होतं आणि आतला काळोख जेवताना सारखा माझ्या डोळ्यांपुढे येत होता. आत कुठेतरी पाणी फरशीखालून येऊन आपटत असावं. चप्, आणि मग बराच वेळ काही नाही, आणि परत चप्.

जेवण झाल्यावर बाबा उठले. "आत गठानी दिसून राह्यल्या. कापूस असन का?"

"इथे कायचा कापूस, बाबा," अमर म्हणाला.

"पाहून येतो जरासा."

दाराशी त्यांनी चपला काढल्या. गोदामात चपला घालून जायचं नाही, ही जिनिंगमधली सवय. मालाला माती लागते म्हणून. टोपी मागे सारली आणि आत गेले. थोडा वेळ त्यांचा आवाज येत होता. ते कुणाला तरी काहीतरी विचारत होते. मला फक्त 'काहून' एवढं ऐकू आलं. मग तोही थांबला.

मोहिउद्दीननं हॉर्न दिला. अमरनं पिशव्या उचलल्या, मी चादर झटकली. आई फाटकाकडे चार पावलं गेली, वळली आणि तिनं नेहमीच्या हाका मारल्या. "चाल गा अमर. चाल व समीक्षा." मग गोदामाच्या दाराकडे तोंड करून, "चला हो. घरी चला."

'आलो, आलो' आलं नाही. आम्ही दाराकडे पाहत होतो, आणि बाबा आले ते भिंतीच्या कोपऱ्यावरून, पाण्याच्या बाजूनं. सरळ आईपाशी येऊन उभे राहिले.

"बाप्पा," आई म्हणाली. "पन्नास वर्सांत पहिल्याच हाकेले आले."

आम्ही हसलो. अमर दाराशी जाऊन त्यांच्या चपला घेऊन आला. चपला आत तोंड करून ठेवलेल्या होत्या. बाबांचा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता आणि डोक्यावर टोपी नव्हती.

मागच्या बाजूला दुसरं दार असेल, पायऱ्यांवर त्यांनी पाय धुतले असतील, तिथेच टोपी वाहून गेली असेल, असं मी मनाशी लावलं. ऑटो वळताना मला गोदामाची पाण्याकडची भिंत दिसली. दार होतं. त्याला बाहेरून साखळी होती आणि कुलूप गंजून कडीला चिकटलं होतं.

४

ऑटोत बाबा आईच्या आणि माझ्या मधे बसले. रस्त्यात मोठा पूल लागला, खाली होड्या, दूरवर क्रेन उभ्या. मी वाट पाहत होते. एकदाही 'काहून' आलं नाही.

"दमले काय बाबा?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावं तसं, डोळ्यांकडे नाही.

जहाजाच्या टर्मिनलवर रांग होती. मोहिउद्दीननं सामान उतरवून दिलं, काही लागलं तर फोन करा म्हणाला, आणि बाबांचा निरोप घ्यायला हात पुढे केला. बाबांनी तो पाहिला नाही. मोहिउद्दीननं हात खिशात घातला आणि माझ्याकडे बघून गेला. सकाळपासून दोघांचं मैतर जमलं होतं. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आत काउंटरवर आधार कार्ड पाहत होते. मुलीनं नाव पुकारलं, "सदाशिवराव." बाबा उभेच. ती पुन्हा म्हणाली. अमर म्हणाला, "बाबा, तुम्हाला बोलावून राह्यले." बाबा समोरच्या काचेकडे पाहत होते. मग आई म्हणाली, "अहो, चला ना," आणि ते लगेच पुढे झाले.

ते पुढे जाताना मला त्यांच्या चपला दिसल्या. डावी उजव्या पायात, उजवी डाव्या पायात. अंगठा पट्ट्याच्या बाहेर लोंबत होता. ते त्याच चपलांनी चालत होते, न अडखळता, आणि फरशीवर त्यांच्या मागे ओलसर ठसे राहत होते. पायजमा एव्हाना वाळायला हवा होता.

जहाज धक्क्याला लागलेलं होतं, पांढरं, यवतमाळच्या कुठल्याही इमारतीपेक्षा उंच. मी बाबांच्या शेजारी उभी राहिले. "सांगू आता?" म्हटलं. "काहून तरंगते ते?"

त्यांनी जहाजाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते खाली, धक्का आणि जहाज यांच्या मधल्या काळ्या पट्टीतल्या पाण्याकडे पाहत होते. मी तरीही सांगत सुटले. पोकळ असतं बाबा, लोखंड जड पण आत हवा, जेवढं पाणी बाजूला सारतं तेवढं वजन पाणी उचलतं. माझा आवाज वर्गात असतो त्यापेक्षा बारीक झाला होता. मला रडू येत होतं आणि का ते माझ्या ध्यानात येत नव्हतं.

ते म्हणाले, "चला."

५

केबिनमध्ये मी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं. ऊन लागलं असेल किंवा मेंदूत लहानसा झटका आला असेल. अशा वेळी काय पाहायचं ते मला माहीत होतं. बाबांना पलंगावर बसवलं आणि म्हटलं, दोन्ही हात वर करा. ते ढिम्म. आईकडून म्हणवून घेतलं, "अहो, हात करा वर." दोन्ही हात एकदम वर गेले आणि सारख्या उंचीवर थांबले. खाली करा म्हणेपर्यंत तसेच राहिले.

"हसा," आईनं म्हटलं.

ते हसले. दोन्ही बाजूंनी सारखं. बाबांच्या उजवीकडच्या दाढा पडलेल्या आहेत आणि तोंडात पान असो नसो, ते एका बाजूनंच हसतात.

"पाहा, काही झालं नाही," अमर म्हणाला. "दमले आहेत. ताई, तू उगाच घाबरवू नको आईले."

मी पर्समधून प्रथमोपचाराची डबी काढली. कापसाचा एक बोळा फाडला आणि बाबांच्या तळहातावर ठेवला. माझा हा शेवटचा उपाय होता. मला फक्त त्यांचे अंगठे हललेले पाहायचे होते. भलतीच लांबी सांगितली असती तरी चाललं असतं.

त्यांनी कापूस पाहिला आणि मूठ मिटली. अंगठा आत घेऊन, तान्ही मुलं मिटतात तशी. मी ती उघडायला गेले तर उघडेना. हात गार होता, एसीतला गार नव्हे, माठाच्या बुडासारखा ओला गार. बोटांच्या फटीतून पाणी ठिबकायला लागलं. एवढ्याशा बोळ्यातून किती पाणी निघावं. आई आपल्या पदरानं ते टिपत राहिली, टिपत राहिली आणि मग थांबली.

"समीक्षा, बाहेर ये," म्हणाली.

बाहेरच्या बोळात माणसं सामान ओढत, हसत चालली होती. आईनं माझं मनगट धरलं. "तुमची दोघायची नावं घेतली म्या," ती म्हणाली. "तुह्या बाबायचं नाही घेतलं. नुसतं चला म्हनलं."

"तू नेहमीच तसं म्हणतेस."

"नेहमी तेथी दुसरं कोनी नसते."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. शिकवते मी, काय बोलते ही बाई. पण माझ्या डोळ्यांपुढे दाराशी आत तोंड करून ठेवलेल्या चपला होत्या. कुणी आत गेलं आणि अजून बाहेर आलं नाही की चपला अशाच दिसतात.

"मंग हे कोन आहेत?" मी विचारलं. माझ्या तोंडून घरचीच भाषा आली.

"म्या बलावलं ते," आई म्हणाली. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. "तुहे बाबा तेथीच उभे असतील व. आलो आलो म्हनत."

६

जहाजाला लावलेला जिना अजून काढलेला नव्हता. आम्ही दोघी धावत खालच्या मजल्यावर गेलो. तिथल्या माणसानं हात आडवा धरला. आता उतरलात तर परत चढता येणार नाही, म्हणाला. आमचे वडील मागे राहिलेत, मी म्हटलं. त्यानं यंत्रात पाहिलं आणि म्हणाला की चौघंही चढलेले आहेत. मी परत सांगितलं. तो माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होता त्याच नजरेनं मी वर्गातल्या थापा मारणाऱ्या पोरांकडे पाहते.

"आई, इथूनच बोलाव," मी म्हटलं. "नाव घेऊन."

आईनं कठड्याला धरलं. तोंड उघडलं आणि मिटलं. पन्नास वर्षं जे नाव ओठाच्या आत दडवून ठेवलं ते नुसतं कसं बाहेर यावं. खाली दोर सोडायची गडबड चालली होती. मी तिचे खांदे हलवले. "आई, नाव."

मग तिनं डोळे मिटले आणि लग्नात उभी असल्यासारखी, मान खाली घालून तिनं म्हटलं, "ढाणकीच्या बाजारात कापसाले आला भाव, जल्माचे सोबती माहे सदाशिवराव."

शेजारचे दोघंतिघं प्रवासी कौतुकानं हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आणि खालून, धक्क्याच्या लांबच्या टोकाकडून आवाज आला, "आलो, आलो."

मी शपथेवर सांगते, तो बाबांचा होता. आईनं डोळे उघडले. धक्क्यावर रचलेल्या कंटेनरांच्या मधे, जिथे परक्या माणसाला येऊच देत नाहीत, तिथे कुणीतरी पांढरी टोपी मागे सारली. पाय अनवाणी दिसले. एवढंच. मग कंटेनरांच्या आड गेलं. घाईत नव्हतं. आमचे बाबा कधीच घाईत नसतात.

"लवकर या," आई ओरडली. "लवकर या हो."

ते बिननावाचं तोंडातून निघालं आणि तिनं स्वतःच तोंडावर हात दाबला. आमच्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. मला वळायची गरज नव्हती, माझ्या टाचेपर्यंत पाणी आलं होतं.

"घरी चला," ते म्हणालं. आवाज बाबांच्या गळ्याचा होता, बोलणं आईचं. तिनं गोदामापुढे म्हटलं होतं तसंच, त्याच सुरात.

जिना वर घेतला गेला. धक्का आणि जहाज यांच्यात पाण्याची पट्टी रुंदावत गेली. आई कठड्यावरून वाकली होती आणि त्यानं तिचा हात धरला होता. बघणाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारा म्हातारीला जपतोय.

७

रेंज मिळाली तेव्हा मी मोहिउद्दीनला फोन केला. बिचारा गोदामाच्या राखणदाराला शोधून, त्याला घेऊन तिथे गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला. गोदामात कुणी नाही, गठाणी नाहीत, फरशी कोरडी आहे, म्हणाला. मग त्यानं विचारलं, "मॅडम, ये 'आलो, आलो' क्या होता है?"

मी विचारलं, कुठे ऐकलं. आतून आलं, म्हणाला. बराच वेळ थांबलो, कोई नहीं आया. त्यानंतर त्यानं माझा फोन उचलला नाही.

मुंबईहून मी एकटीच परत कोचीला गेले. त्या अंधारात उभी राहून बाबांचं पूर्ण नाव घेऊन हाका मारल्या, घसा बसेपर्यंत. पाण्याचा आवाज तेवढा होता. आईला नेता येत नव्हतं, कारण ती हलली की ते हलतं. "ज्यानं सोडलं त्यानंच बलावलं पाह्यजे," ती फोनवर म्हणाली. "तू ये घरी. मी येथूनच बलावीन."

यवतमाळच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले. सगळं साफ. वयामुळे बोलणं जातं कधीकधी, म्हणाले. अमरला ते पटलं. त्याला पटवून घ्यायचं होतं आणि मी त्याला दोष देत नाही. नातेवाईक येतात, लोहाऱ्याच्या आमच्या ओट्यावर बसतात, सदाशिवराव शांत झाले म्हणतात. ते खुर्चीत बसून असतं. कुणी नाव घेतलं तरी वळत नाही. आईनं नुसतं 'अहो' म्हटलं की वळतं. 'चला' आणि 'घरी' याखेरीज बोलत नाही. खुर्चीखालची फरशी मी रोज पुसते.

दिवेलागणीला आई फाटकाशी जाते. एमआयडीसीतल्या पाळ्या सुटतात, रस्त्यानं सायकली आणि ऑटो जातात. ती मान खाली घालून उखाणा म्हणते, दोन्ही ओळी, नाव घेऊन. आता तिला नावाची लाज राहिलेली नाही. शेजारणी आधी हसायच्या, आता डोळे पुसतात.

पहिल्यांदा उत्तर आलं तेव्हा मी सोबत होते. फार लांबून, जिनिंगच्या धुराड्यांच्याही पलीकडून. "आलो, आलो." आई मटकन खाली बसली आणि रडत रडत हसली. "आलो म्हनले म्हंजे बसले असतील कोठी गप्पा मारत," म्हणाली. त्यानंतर मी रोज संध्याकाळी कॉलेजातून थेट तिथेच यायला लागले. कधी उत्तर यायचं, कधी नाही. पण जेव्हा यायचं तेव्हा आदल्या वेळेपेक्षा जवळून. रेल्वेच्या जुन्या रुळांकडून. मग पानठेल्याच्या मागून. मग आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, निंबाखालून. मी पळत गेले. निंबाखाली कुणी नव्हतं, पण मातीत अनवाणी पावलं होती, कोरडी. मी तिथे बसून राहिले आणि हातानं ती झाकली, वाऱ्यानं जाऊ नयेत म्हणून.

माझ्यातली मास्तरीण त्या दिवशी मेली म्हणा. मी घरी येऊन बाबांच्या जेवणाचं ताट काढलं. आईनं नवी टोपी आणली होती. उद्या येतील, असं आम्ही दोघी एकमेकींना न सांगता धरून चाललो होतो. त्या दिवसांत मी खुर्चीकडे कधी पाहिलंच नाही. ते काय ऐकत होतं, रोज संध्याकाळी मान जराशी कलती करून, याकडे माझं लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई फाटकाशी उभी राहिली. मी निंबाकडे तोंड करून. तिनं उखाणा म्हटला, अगदी स्पष्ट, एखाद्या नव्या नवरीसारखा. "जल्माचे सोबती माहे सदाशिवराव."

"आलो, आलो," उत्तर आलं.

ते आमच्या पाठीमागून, घरातून आलं होतं.

आम्ही वळलो. खुर्ची रिकामी होती. ते दारात उभं होतं आणि एका बाजूनं हसत होतं. उंबऱ्याशी वाकून त्यानं चपला घातल्या, डावी डाव्या पायात, उजवी उजव्या पायात. त्याच्या अंगठ्यांमध्ये कापसाचा पुंजका होता आणि ते तो हळूहळू ओढत होतं.

"काहून बलावलं व?" त्यानं आईला विचारलं.

आईनं माझा हात धरला. निंबाकडून काही आवाज आला नाही. आम्ही अंधार पडेपर्यंत कान देऊन उभ्या होतो. दुसऱ्या संध्याकाळी आई फाटकाशी गेली आणि तोंड उघडून तशीच उभी राहिली. नाव घेतलं असतं तर घरातूनच 'आलो, आलो' आलं असतं. बलावायला तिच्यापाशी आता नाव उरलं नव्हतं.